मॉर्फिनची गोळी घरात येण्याआधी

कॅन्सरच्या पेशंटच्या चिठ्ठीवर मॉर्फिन आलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. ‘म्हणजे आता शेवट जवळ आला का?’ हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो, पण विचारत कोणी नाही. तयारी इथूनच सुरू करा. ज्याच्या हातून गोळी दिली जाणार आहे, त्याने हा प्रश्न डॉक्टरांना तिथेच, समोरासमोर विचारावा. मॉर्फिन देतात ते दुखणं किती आहे ते बघून, दिवस किती उरलेत ते बघून नव्हे. काही जण ते महिनोन्‌महिने घेतात आणि त्याच्या आधाराने जेवतात, झोपतात, घरात हिंडतात. भीती तशीच घेऊन घरी आलात तर गोळी ‘अगदीच सहन होईना तेव्हा’ दिली जाते. तोवर दुखणं हाताबाहेर गेलेलं असतं, मग घाबरून दोन गोळ्या एकदम दिल्या जातात. मी घरोघरी जाऊन पेशंट बघते. औषधाचा नीट हिशोब ठेवणाऱ्या घरांपेक्षा घाबरून औषध देणाऱ्या घरांची मला जास्त काळजी वाटते.

दवाखान्यातून निघण्याआधी गोळी कोणत्या प्रकारची आहे ते समजून घ्या. साधी गोळी साधारण चार तास काम करते. दुसरी हळूहळू विरघळणारी असते, ती बारा तासांनी एकदा देतात. ही दुसरी गोळी कधीही कुटायची, तोडायची किंवा चावून खायची नाही, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळायला त्रास होत असेल किंवा नाकातून नळी असेल तर आधीच सांगा, डॉक्टर औषधाचा प्रकार बदलून देतात. दोन्ही प्रकार घरी येणार असतील तर पाकिटांवर मार्करने ठळक ‘४ तास’ आणि ‘१२ तास’ असं लिहून टाका.

घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा. सगळी म्हणजे खरोखर सगळी. झोपेची किंवा घबराटीची गोळी, मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिलेली प्रीगाबालिन, खोकल्याचं कोडीनवालं सिरप, गुडघ्यासाठी मागे कधीतरी लिहून दिलेलं ट्रॅमाडॉल. यातली बरीचशी मॉर्फिनसोबत गेली की गुंगी वाढते आणि श्वास मंदावतो. दारूचंही तसंच, आणि ते सांगायला लाजू नका. किडनीचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे घटक किडनीवाटे बाहेर पडतात. ती कमजोर असेल तर ते साचत जातात आणि नेहमीचा डोसही भारी पडतो.

मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांबाबतच्या) कायद्याखाली इतके परवाने लागायचे की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांचा वेगळा गट केला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तरी परळच्या टाटासारख्या मोठ्या रुग्णालयांबाहेर आजही शोधाशोध करावी लागते. म्हणून पुढचं औषध कुठून, कोण आणणार आणि सोबत कोणते कागद लागणार, हे पहिल्याच दिवशी ठरवा. शेवटची पट्टी संपायची वाट बघू नका. गावाहून यायचं असेल तर चार-पाच दिवसांचं औषध शिल्लक असतानाच निघा. प्रवासात चिठ्ठी आणि केस पेपर गोळ्यांसोबतच असू द्या.

आता घड्याळ. साध्या गोळीच्या वेळा बहुधा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा असतात. रात्रीचा डोस काही डॉक्टर मुद्दाम मोठा लिहितात, म्हणजे पहाटे २ वाजता पेशंटला उठवावं लागत नाही. पण चिठ्ठीवर तसं लिहिलं असेल तरच. दुखो न दुखो, वेळ झाली की गोळी द्यायची. मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस किती, दोन डोसांत अंतर किती आणि दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा, हे तिन्ही आकडे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन गोळ्या देऊ नका.

फोनवर गजर लावा आणि औषधाच्या डब्याशेजारी शंभर पानी वही ठेवा. वेळ, किती गोळ्या, दुखणं शून्य ते दहापैकी किती, संडास झाली का आणि कोणी दिली, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना सोडू नका. सुनेने दहाला दिलेली गोळी मुलाने साडेदहाला पुन्हा देण्याचा प्रकार वही नसलेल्या घरातच घडतो.

आणि पोट. याबद्दल घरी सगळ्यांत कमी बोललं जातं आणि पेशंटला सगळ्यांत जास्त त्रास याचाच होतो. मॉर्फिनने आतड्यांची हालचाल मंदावते. मळमळ चार-आठ दिवसांत बहुतेकांची कमी होते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून पोट साफ करणारं औषध मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून हवं. ते चिठ्ठीवर नसेल तर मागून घ्या. आपल्याकडे लगेच इसबगोल आठवतो, पण इथे तो नको. तो पाणी शोषून फुगतो, आणि पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मंद आतड्यात तो अडकून बसू शकतो. इथे आतड्याला चालना देणारं आणि मल मऊ करणारं औषध लागतं: बिसाकोडिल, सोनामुखीपासून बनवलेल्या गोळ्या, लॅक्टुलोजचं सिरप. कोणतं आणि किती ते डॉक्टर सांगतील. तीन दिवस पोट साफ झालं नाही तर फोन करा. सोबत उलट्या किंवा पोटफुगी असेल तर तीन दिवसही थांबू नका. पोट फुगलं, जेवण जाईना, की लोक ‘मॉर्फिन सोसलं नाही’ म्हणून तेच बंद करतात. खरं तर तेव्हा डॉक्टरांना विचारून पोट साफ करणाऱ्या औषधाचा डोस वाढवायला हवा असतो.

पहिले दोन-चार दिवस पेशंट खूप झोपेल. कित्येक रात्रींचं जागरण भरून निघत असतं. हाक मारल्यावर डोळे उघडून नीट बोलला तर घाबरू नका. धोक्याची खूण वेगळी असते: हलवूनही नीट जाग येत नाही, श्वास मिनिटाला दहापेक्षा कमी, घशात घरघर, ओठ निळसर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा वेळी पुढची गोळी द्यायची नाही, त्वचेवर औषधाचा पॅच चिकटवलेला असेल तर काढायचा, पेशंटला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करून ‘मॉर्फिन चालू आहे’ असं आधी सांगायचं. मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नालोक्सोनचं इंजेक्शन असतं. वही सोबत न्या, म्हणजे किती औषध पोटात गेलं ते डॉक्टरांना लगेच कळेल.

गोळीऐवजी फेंटानिलचा (मॉर्फिनसारख्याच दुसऱ्या औषधाचा) पॅच दिला असेल तर तो तीन दिवस चालतो. लावल्या लावल्या आराम पडत नाही, बारा तास किंवा जास्तही लागतात. त्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा शेक कधीही नको, उष्णतेने औषध भराभर अंगात जातं. ताप आला तरी डॉक्टरांना कळवा. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत दुमडा आणि लहान मुलाच्या हाती लागणार नाही असा टाका.

गोळ्या देवघरात किंवा फ्रिजवर नकोत, कुलपाच्या कपाटात ठेवा आणि आठवड्यातून एकदा मोजा. घरात कोणाला व्यसन असेल तर किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या. ‘तुमची ती गोळी माझ्या पाठीला एक द्या’ म्हणणारे नातेवाईक भेटतील. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. पेशंटला सवय झालेला डोस निरोगी माणसाचा जीव घेऊ शकतो.

दुखणं कमी झालं म्हणून औषध एका दिवसात थांबवू नका. शरीराला त्याची सवय झालेली असते. अचानक सोडलं की घाम, जुलाब, अंगावर काटा, जिवाची तगमग सुरू होते. याला व्यसन म्हणत नाहीत. डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवून देतात. उरलेल्या गोळ्या ‘लागतील कधीतरी’ म्हणून जपून ठेवू नका, कोणाला देऊही नका. जिथून आणल्या तिथे मोजून परत करा आणि परत केल्याची नोंद केस पेपरवर करून घ्या.