बी.एड. झाले म्हणजे पहिलीचा वर्गही आपलाच, असे मी समजत होतो

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला. पहिली ते पाचवीच्या मराठी शाळेत शिकवायचे, एवढीच माझी इच्छा होती. आज माझ्यापाशी बी.एड.ची पदवी आहे, कर्नाटकच्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या, म्हणजे सहावी ते आठवीसाठीच्या पेपरचे प्रमाणपत्र आहे आणि तरीही नियमाप्रमाणे मला सहावीच्या खाली नेमता येत नाही. हे कसे घडले ते सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागातली मुले अजूनही त्याच वाटेने जाताना दिसतात.

२०१९ साली बी.ए. झाल्यावर माझ्यापुढे डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षणाची पदविका) आणि बी.एड. असे दोन पर्याय होते आणि दोन्ही दोन वर्षांचेच होते. ज्या गुरुजींच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही, ते म्हणाले, "बी.एड. कर, वर-खाली दोन्हीकडे चालते." त्या वेळी ते खरेही होते, कारण २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवले होते. मात्र राजस्थानातून सुरू झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती पात्रता रद्दच केली. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे असते आणि बी.एड.मध्ये ते शिकवले जात नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. मला निकाल कडू लागला, पण सरावपाठात मी पहिलीच्या वर्गात एकदाही उभा राहिलो नव्हतो, हे मला नाकारता येत नाही.

म्हणून स्पष्टच सांगतो : लहान वर्गांना शिकवायचे असेल तर बी.एड. करू नका. डी.एल.एड. करा आणि टीईटीचा पहिला, म्हणजे पहिली ते पाचवीसाठीचा पेपर द्या. "नंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करून भागेल" असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नका, कारण ती सोय निकालापूर्वीच नेमणूक झालेल्या बी.एड. शिक्षकांसाठी आहे, तुमच्या-माझ्यासाठी नाही. सहावी ते आठवीला शिकवण्याची तयारी असेल तर मात्र बी.एड. वाया जात नाही. तेव्हा ज्यांचे झाले आहे त्यांनी घाबरून जाऊ नये.

टीईटीचे स्वरूप तुम्हाला ठाऊकच आहे : दीडशे प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत. पहिल्या खेपेस मला ८७ मिळाले. दुसऱ्या पेपरात समाजविज्ञानाला ६० गुण असतात आणि मी कोल्हापूरहून आणलेल्या मार्गदर्शकांवर सगळी भिस्त ठेवली होती. ती पुस्तके वाईट नाहीत, पण ती महाराष्ट्राचा अभ्यासक्रम धरून लिहिलेली असतात. कदंब, चालुक्य, होयसळ ही कर्नाटकातली राजघराणी त्यांत ओझरती येऊन जातात. कर्नाटक सरकार आपली पाठ्यपुस्तके मराठीतही छापते. मी दुसऱ्या खेपेस सहावी ते आठवीची तीच पुस्तके ओळीने वाचली आणि उत्तीर्ण झालो. ठरावीक प्रश्नसंच विकणाऱ्या शिकवण्यांविषयी माझे मत चांगले नाही; ज्यांना वाचायचा कंटाळा आहे, त्यांच्यावरच त्या चालतात.

कन्नड टाळू नका. वर्ग मराठीचा असला तरी खात्याची पत्रके आणि प्रशिक्षणे कन्नडमधूनच चालतात. महाराष्ट्राकडे पाहत असाल तर तिकडच्या शिक्षक भरतीच्या जाहिरातींत, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमागावांतील मराठी उमेदवारांना अर्ज करण्याची मुभा असते, पण त्या भरतीची अभियोग्यता चाचणी स्वतंत्र द्यावी लागते.

घाई करण्याचे कारण नाही, कारण टीईटीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. मात्र ते नोकरीचे पत्र नव्हे. भरतीची परीक्षा वेगळी असते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. मला बी.एड.चा सल्ला देणाऱ्या आमच्या गुरुजींची नेमणूक टी.सी.एच. या कर्नाटकातल्या जुन्या शिक्षक पदविकेवर झालेली आणि सेवेची आठ वर्षे उरलेली. आता ते दर रविवारी वही घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक विकासाच्या अवस्था समजावून सांगतो. गेल्या महिन्यात मी डी.एल.एड.चा अर्ज भरला, हे मात्र त्यांना अजून सांगितलेले नाही.