उडीआधीची दोन पावलं

पुण्याच्या रेसकोर्सवर मी नऊ वर्षं रायडिंग बॉय, म्हणजे सरावाला घोडे फिरवणारा, होतो. पहाटेचं ट्रॅकवर्क, खरारा, पायाची ऊब हाताने तपासणं, सगळं अंगवळणी पडलेलं. तेवढ्या भांडवलावर इंग्लंडात लॅम्बर्नला एका जंप यार्डात, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळणाऱ्या शर्यतींच्या घोड्यांच्या तबेल्यात, लागलो. आता आपल्याकडची बरीच पोरं तिकडे जातात आणि बहुतेकांना वाटतं तेच मला वाटलं होतं: घोडा तो घोडाच, फक्त मधे उड्या आल्या. तसं नाही. आपल्याकडे पळणाऱ्या घोड्याचं अंग कळायला लागतं. तिकडे त्याची बुद्धी कळावी लागते, आणि तो किती भरवशाचा आहे तेही.

अडथळे मुख्यतः दोन तऱ्हेचे: फेन्स किमान साडेचार फूट, हर्डल साडेतीन. हर्डलला पाय लागला तर ते पलीकडे कलतं, बर्चच्या काटक्या घट्ट बांधलेली फेन्स तसं करत नाही. हे पहिल्या आठवड्यात कोणीही सांगेल. मी फसलो ती गोष्ट मात्र मला कोणी सांगितली नाही, म्हणून ती जरा लांबवून सांगतो.

माझ्याकडे एक मोठा, लालसर घोडा होता. मी त्याला बाळ्या म्हणायचो. स्कूलिंगला, म्हणजे उड्यांच्या सरावाला, तो फेन्सच्या वर चांगला फूटभर अंतर ठेवून जायचा. बघणारे थांबून बघायचे. रात्री घरी फोन केला की मी आईला त्याच्या उड्याच सांगायचो. माझी पक्की समजूत होती की उंच उडतो तो चांगला जंपर.

आता नीट ऐका. भरधाव घोड्याचं एक पाऊल साधारण वीस-बावीस फुटांचं असतं. वेग ताशी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. शर्यतीत फेन्ससमोर तो दर वेळी नेमक्या जागी पोचेल हे शक्यच नाही. कधी जागा बरोबर येते. कधी लांब पडते, मग दुरूनच झेप घ्यावी लागते. आणि कधी फेन्स अंगावर येते, तेव्हा एक आखूड पाऊल मधे घालून, मागचे पाय पोटाखाली ओढून, जागच्या जागी उचलावं लागतं. हे तिसरं ज्याला येतं तो भरवशाचा. बाळ्याला पहिली दोन येत होती. स्कूलिंगच्या त्याच तीन फेन्स, तेच अंतर, त्याला पाठ झालं होतं, म्हणून तो देखणा दिसायचा. तिसऱ्याची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती.

ती आली डिसेंबरातल्या एका सकाळी, पावसाने जमीन जड झालेली असताना. दुसऱ्या फेन्सला आमचं अंतर चुकलं. मला ते चार पावलं आधी दिसलं, आणि मी उड्या नसलेल्या सपाट शर्यतीच्या सवयीने वागलो: टाच मारून लांब झेप मागितली. त्याने माझं ऐकलं. छातीने फेन्सवर गेला आणि आम्ही दोघं पलीकडे पडलो. माझं कॉलरबोन मोडलं. चिखलात पडल्या पडल्या दिसलं ते आठवतं: बाळ्या उठून उभा होता, लगाम एका पायात अडकलेला, दोन्ही गुडघ्यांवर हिरवा-काळा चिखल, आणि पोटाची कातडी एकसारखी थरथरत होती. तो पळून गेला नाही. माझ्याकडे बघत उभा राहिला. घोडा ज्याच्यावर विश्वास टाकतो त्याच्यावर केवढी जबाबदारी असते, ते मला त्या दिवशी कळलं.

हात गळ्यात बांधून मी सहा आठवडे नुसता बघत होतो. यार्डात तीस वर्षं काढलेला एक म्हातारा मोतद्दार होता. त्याने बाळ्याला पुन्हा दुडक्या चालीवर आणलं. लहानशी आडवी काठी, तिच्या नऊ फूट आधी जमिनीवर दुसरी काठी. दोर नाही, स्वार नाही, घोडा मोकळा. पहिले काही दिवस बाळ्या खालच्या काठीवर धडकायचा. मग एक दिवस त्याने मान खाली घातली, काठीकडे पाहिलं, पाय मोजले. त्या म्हाताऱ्याने मला एवढंच सांगितलं, की घोड्याला अगदी नाकासमोरचं दिसत नाही, उडायच्या क्षणी फेन्स त्याच्या नजरेतून गेलेली असते. म्हणून शेवटच्या दोन पावलांत त्याचं तोंड ओढायचं नाही. त्याने जे पाहून ठेवलंय त्यावर त्याला उडू द्यायचं.

तेव्हापासून मी उडी बघत नाही. आधीची दोन पावलं बघतो. कान पुढे आहेत का, मान सैल होते का, मागचे पाय जवळ येतात का. उडीनंतर तो सरळ जातो की एका बाजूला झुकतो, हेही बघा. प्रत्येक फेन्सला डावीकडे सरकणारा घोडा उजव्या वळणाच्या सँडाउन रेसकोर्सवर किती अंतर गमावेल, याचा हिशेब करा. तिथल्या रेल्वेलगतच्या तीन फेन्स एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की पहिलीला पाऊल चुकलं तर सावरायला जागा उरत नाही.

फॉर्म, म्हणजे घोड्याच्या मागच्या शर्यतींची नोंद, वाचतानाही सांभाळा. नावापुढे एफ म्हणजे पडला, यू म्हणजे स्वार खाली आला, बी म्हणजे दुसऱ्यामुळे पडला, पी म्हणजे मधेच थांबवला. एफ नसला की घोडा भरवशाचा, असं धरू नका, कदाचित त्याची परीक्षाच झाली नसेल. आणि एका एफवरून कोणाला काढूनही टाकू नका. पहिल्या फेन्सला उतावळेपणाने पडणं वेगळं आणि दमून शेवटून दुसरीला पडणं वेगळं. काउटो स्टार हा नावाजलेला घोडा 2006-07 च्या मोसमात शेवटच्या फेन्सला वारंवार चुकायचा, तरी त्याने 2007 आणि 2009 चा चेल्टनहॅम गोल्ड कप, म्हणजे फेन्सवरच्या बड्या शर्यतींपैकी एक, जिंकला. 2010 च्या त्याच शर्यतीत तो पडला. उलट रेड रम या घोड्याने लिव्हरपूलच्या एन्ट्री (Aintree) रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल ही तीस उड्यांची शर्यत 1973, 1974 आणि 1977 ला जिंकली, मधल्या दोन वर्षी दुसरा आला, आणि त्या पाच शर्यतींतल्या दीडशे उड्यांत एकदाही पडला नाही. त्याच्या जुन्या चित्रफिती बघाल तर त्याच्या झेपेपेक्षा पायांकडे लक्ष द्या. तिथल्या बेचर्स ब्रूक या फेन्सला उतरायची बाजू चढायच्या बाजूपेक्षा खोल आहे. तिथे तो ज्या शहाणपणाने पाय टेकतो ते मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

वेगाचंही तेच. 2024 पासून ग्रँड नॅशनलला चाळीसऐवजी चौतीस घोडे धावतात, आणि पहिली फेन्स सुरुवातीच्या जवळ आणली, का, तर तिथे पोचेपर्यंत घोड्यांनी जास्त वेग पकडू नये. ब्रिटनमधल्या अडथळ्यांवरची नारिंगी खूणही बदलून पांढरी केली, कारण नारिंगी रंग घोड्याला आपल्यासारखा उठून दिसत नाही. चूक नेहमी घोड्याचीच असते असं नाही, एवढं यातून घ्या.

मोबाईलवर स्लो मोशन बघून "मला स्ट्राइड (घोड्याचं पाऊल) दिसते" म्हणणारी पोरं भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. नावाजलेल्या जॉकीच्या मागेही फिरू नका, तो आठवड्यातून एकदा येणार आणि चार उड्या मारून जाणार. सकाळ-संध्याकाळ तोच घोडा हाताळणारा म्हातारा शोधा, त्याची बादली उचला. आरडाओरडा करणाऱ्याकडून मी आजवर काही शिकलो नाही.

आणि भिऊ नका. पहिला हिवाळा प्रत्येकाला जड जातो, बोटं बधिर होतात, इंग्रजी तोंडात अडकतं. पण पुणे-मुंबईच्या पोरांचे हात मऊ असतात, आणि मऊ हात तिकडे फार मोलाचे. हेल्मेट-बॉडी प्रोटेक्टरशिवाय दुडकीवरही चढायचं नाही, ही मात्र माझी कडक सूचना. "एकच काठी तर आहे" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पुढच्या मार्चमध्ये बाळ्या एका लहान कोर्सवर तीन मैल पळाला. मी शेवटून दुसऱ्या फेन्सजवळ कठड्याला टेकून उभा होतो, हातात त्याचा दोर. तो दमलेला आला, आणि अंतर पुन्हा तसंच चुकलेलं, मला लांबूनच कळलं. जॉकी गप्प बसला. बाळ्याची मान खाली गेली, नालेचा एक जादा, आखूड आवाज आला, आणि तो बर्चला पोट घासत पलीकडे उतरला. शर्यतीत चौथा आला. मी धावत जाऊन त्याला दोर लावला आणि आधी दोन्ही गुडघे हाताने चाचपले. कोरडे होते.