जुन्या यंत्राचा बटन सेल: मापात बसतो म्हणून चालतोच असं नाही

घड्याळ, कॅल्क्युलेटर, थर्मामीटर, सोनाराचा छोटा काटा, वर्कशॉपमधला बारीक माप घेणारा व्हर्निअर. कशाचाही सेल उतरला की जुना सेल मुठीत धरून दुकान गाठायचं आणि "असाच द्या" म्हणायचं, ही आपली रीत. दुकानदार तेवढ्याच मापाचा सेल देतो, झाकण लागतं, आकडे उमटतात. पुढं महिन्या-दोन महिन्यांत आकडे लुकलुकायला लागतात आणि खापर यंत्रावर फुटतं. म्हणून दुकानात "असाच" न म्हणता नाव सांगा.

नाव सेलच्या रुंद, सपाट बाजूवर कोरलेलं असतं. बहुतेक सेलमध्ये तीच अधिक बाजू. पहिलं अक्षर आतलं रसायन सांगतं. 'एल' म्हणजे अल्कलाइन, १.५ व्होल्ट. 'एस' म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट. 'सी' म्हणजे लिथियम, ३ व्होल्ट. 'पी' म्हणजे झिंक-एअर, साधारण १.४ व्होल्ट. पुढचा 'आर' फक्त गोल आकाराचा. चार आकडे असले तर पहिले दोन व्यासाचे आणि शेवटचे दोन जाडीचे: सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. सीआर२०२५ चे व्होल्ट तेवढेच, पण जाडी ०.७ मिलिमीटरने कमी, त्यामुळं यंत्रातला पत्रा सेलला नीट टेकत नाही. फट भरायला चॉकलेटची चांदी घालू नका, ती सरकली की अधिक-उणे एकत्र येतात.

खरा घोळ एलआर४४ आणि एसआर४४ मध्ये. दोन्हींचं माप ११.६ बाय ५.४ मिलिमीटर. एजी१३ आणि ए७६ ही अल्कलाइनची दुसरी नावं, तर ३५७ आणि ३०३ ही सिल्व्हरची. अल्कलाइनचे व्होल्ट पहिल्या दिवसापासून हळूहळू उतरत जातात. सिल्व्हरचे जवळजवळ शेवटपर्यंत १.५५ च्या आसपास टिकतात आणि मग एकदम पडतात. खेळण्याला किंवा किचेनच्या दिव्याला हा उतार चालतो, मोजमाप करणाऱ्या यंत्राला चालत नाही. संभाजीनगरकडच्या वाळूज, चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये डिजिटल व्हर्निअरचे आकडे लुकलुकतात, तेव्हा बऱ्याचदा अल्कलाइन सेल पूर्ण संपलेलाही नसतो, फक्त यंत्राला लागणाऱ्या पातळीखाली आलेला असतो. तिथं एसआर४४ च घ्या. बरेच स्वस्त व्हर्निअर स्क्रीन बंद असतानाही थोडा करंट ओढतात, त्यामुळं आठवडाभर काम नसेल तर सेल काढून ठेवा.

काट्यांच्या क्वार्ट्झ घड्याळात एसआर६२६ असेल तर शेवटची अक्षरं बघा. 'एसडब्ल्यू' साध्या घड्याळाला, 'डब्ल्यू' दिवा-अलार्म असलेल्याला. घड्याळवाले पहिल्याला ३७७ आणि दुसऱ्याला ३७६ म्हणतात.

सोलर घड्याळात चार्ज होणारा सेल असतो. त्याच मापाचा साधा लिथियम सेल तिथं बसतो, पण चार्ज होताना फुगू किंवा फुटू शकतो. उलट बाजूनं, सीआर२०३२ च्या जागी चार्ज होणारा एलआयआर२०३२ घालू नका. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्यांत १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल असे, तो आता बाजारात नाही. त्याच आकाराचा अल्कलाइन सेल घातला की बऱ्याच कॅमेऱ्यांचा लाइट मीटर चुकीचा प्रकाश दाखवतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, भोवती रिंग घालून, पाऱ्याच्या जवळ जातो.

याच झिंक-एअरला मराठवाड्याचा उन्हाळा सोसत नाही. तो बाहेरच्या हवेवर चालतो, म्हणून कोरड्या हवेत आतला ओलावाही उडून जातो. त्याच्या हवेच्या भोकांवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच मशीनमध्ये घाला. वापरला नाही तरी तो संपत जातो आणि स्टिकर परत चिकटवून फारसा फरक पडत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये लागेल तेव्हाच एकेक उघडा.

व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर नुसता लावून सेल तपासला तर तो फसवतो, अर्धामेला सेलही बरे व्होल्ट दाखवतो. सीआर२०३२ ला १ किलोओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा छोटा भाग) जोडून दोन-तीन सेकंद व्होल्ट वाचा: नवा सेल २.९ व्होल्टच्या वर राहतो, थकलेला झपाट्यानं खाली येतो.

बसवताना लोखंडी चिमटा नको, त्यानं दोन्ही बाजू जुळतात. लाकडी काडी बरी. दोन-तीन सेल असतील तर सगळे एकदम बदला, कारण नव्यांमध्ये राहिलेला जुना सेल उलटा चार्ज होऊन गळतो. अल्कलाइन गळून पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पत्रा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओल काढा आणि पूर्ण वाळू द्या. पुसायला आंबटच घ्यायचं, कारण गळलेला द्रव क्षारीय असतो.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हाताबाहेर ठेवा. मुलानं गिळला असं नुसतं वाटलं तरी उलटी करवू नका, थेट एक्स-रे असलेलं हॉस्पिटल गाठा. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत आतून भाजतो. सेलचं नाव किंवा रिकामं पाकीट सोबत न्या.