खेळ घेणाऱ्या ताई-दादांसाठी प्रमाणपत्र तयार करताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की बडोद्यात उन्हाळी शिबिरांची पत्रकं दिसू लागतात. मुलांना पोहायला नेणारे, कमाटी बागेत खेळ घेणारे, सोसायटीच्या गच्चीवर आजी-आजोबांकडून हलके व्यायाम करून घेणारे हे ताई-दादा कोण, त्यांना नक्की काय येतं, हे फारसं कुणी विचारत नाही. १८ जानेवारी २०२४ ला इथल्याच हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर आम्ही काही शिबिरवाले एकत्र बसलो. ज्याच्या हाती मुलं सोपवायची त्याची आधी पारख झालीच पाहिजे, एवढं एकमताने ठरलं. पारख करायची कशी, इथे मात्र आम्ही चुकत गेलो. दुसऱ्या कुणाचे दिवस त्यात वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

काम न बघताच अभ्यासक्रम लिहिणं

सगळ्यात मोठी चूक हीच. तीन रविवार बसून आम्ही चाळीस पानांचा अभ्यासक्रम केला. मनोरंजनाची व्याख्या, इतिहास, बालमानसशास्त्र, सगळं त्यात होतं. पहिल्या चाचणीत एक ताई नापास झाली, कारण तिला मनोरंजनाचे पाच प्रकार लिहिता आले नाहीत. मला ते पटेना, म्हणून मी तिचं काम बघायला गेले.

कमाटी बागेत तिच्याबरोबर चोवीस मुलं होती. फाटकातून आत शिरतानाच तिने प्रत्येकाला एक नंबर दिला. पाणी पिऊन झालं की नंबर, झाडाखालून उठताना नंबर, छोट्या रेल्वेचे रूळ ओलांडायच्या आधी नंबर. मुलं आपापला आकडा ओरडत होती. सतरा आला नाही. ताई जागची हलली नाही की ओरडली नाही. बाकीच्यांना खाली बसवलं, सोबतच्या दादाला तिथे उभं केलं आणि मग नळाकडे गेली. सतरा नंबर तिथे चपलेचा पट्टा लावत बसला होता. आमच्या चाळीस पानांत मुलं मोजण्याबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून आधी आठ-दहा जाणत्या कार्यकर्त्यांच्या मागे पूर्ण एकेक दिवस राहा. ते जे जे करतात ते लिहून काढा. मग प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न विचारा: हे किती वेळा करावं लागतं, आणि चुकलं तर काय होईल? मुलं मोजणं दिवसातून वीस वेळा होतं. बुडणाऱ्याला बाहेर काढणं कदाचित आयुष्यात एकदाच येईल, पण ते चुकलं तर भरपाई नाही. या दोन उत्तरांवरून कुठल्या भागाला किती मार्क ते ठरतं. अमेरिकेत उद्यानं आणि मनोरंजन क्षेत्रातल्या लोकांसाठी सीपीआरपी नावाचं प्रमाणपत्र आहे, त्याच्या परीक्षेचा आराखडाही अशाच कामाच्या पाहणीवर उभा असतो.

‘आपल्याकडे प्रत्येकाची पद्धत वेगळी, एकच माप कसं लावणार?’ असं कुणी म्हणालं तर त्यांना आपल्याच गावाचा दाखला द्या. पूर्वी हुतूतूचे नियम गावागणिक बदलायचे. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम पक्के केले आणि त्या नियमांवर अखिल भारतीय सामने भरवले. खेळाला माप लावता येतं, तसं खेळ घेणाऱ्यालाही लावता येतं.

जो शिकवतो त्यानेच पास करणं

तीन दिवस येऊन बसला की प्रमाणपत्र, हा हजेरीचा कागद झाला. तो जरूर द्या, पण त्यावर ‘सहभाग’ असंच लिहा. पात्रतेचं प्रमाणपत्र वेगळं असतं आणि ते देणारे हातही वेगळे हवेत. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचाही निःपक्षपातीपणावर भर आहे. ज्याने फी घेऊन शिकवलं त्याला आपल्याच विद्यार्थ्याला नापास करणं जड जातं. सगळेच्या सगळे पास होऊ लागले तर आधी इथे बघा.

पासाची रेघ सवयीने ओढणं

शाळेत पस्तीस होते म्हणून इथेही पस्तीस, असं आम्ही केलं होतं. म्हणजे पाण्याच्या सुरक्षिततेचे सगळे प्रश्न चुकवूनही माणूस पास होऊ शकत होता. यावर जगभर वापरली जाणारी एक रीत आहे, तिला अँगॉफ पद्धत म्हणतात. काम जाणणारे सात-आठ जण बसवायचे. ‘या कामाला जेमतेम चालेल’ असा माणूस प्रत्येकाने डोळ्यांपुढे आणायचा. मग एकेक प्रश्न घ्यायचा: असे शंभर जण असतील तर किती जणांना याचं उत्तर येईल? ‘पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नाही, आधी काय कराल?’ याला कुणी पंचाण्णव म्हणेल. लगोरीच्या नियमावरच्या प्रश्नाला साठ. सगळ्यांची सरासरी निघते, तीच पासाची रेघ. आमच्या बैठकीत यावरून दोन तास वाद झाला, आणि मला तो या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाद वाटतो. चांगलं काम म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एकमेकांना नीट सांगितलं.

जिवाशी संबंध असलेली प्रात्यक्षिकं मात्र सरासरीत मिसळू नका. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याचा उपचार, जमला नाही तर बाकीचे मार्क कितीही असोत, परीक्षा पुन्हा द्यायची.

परीक्षा झाली आणि गडबड दिसली तर

एखादा प्रश्न हुशार उमेदवारच चुकवत असतील तर प्रश्नातच खोट आहे. वरच्या आणि खालच्या तिसऱ्या हिश्श्याचे पेपर शेजारी ठेवले की लगेच कळतं.

आपल्याकडे पेपर गुजराती, हिंदी आणि मराठी तिन्हींत लागतो. आम्ही मराठीत लिहिलं, ‘मुलाला शिक्षा करण्याऐवजी काय कराल?’ हिंदी पेपरात शिक्षा हा शब्द तसाच गेला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. उमेदवार बिचारे शिकवण्याऐवजी काय करावं याचा विचार करत बसले. नुसतं भाषांतर करून थांबू नका, त्या भाषेत वाढलेल्या कार्यकर्त्याकडून पेपर वाचून घ्या.

प्रात्यक्षिकात एक परीक्षक आठ देतो आणि दुसरा चार, तेव्हा परीक्षकांवर रागावण्यापेक्षा त्यांच्या हातातला कागद बघा. ‘आत्मविश्वासाने खेळ घेतला’ असं त्यात असेल तर असंच होणार. ‘खेळाआधी मैदानावर फेरी मारून काचा-दगड उचलले: हो/नाही’ असं लिहा.

वीस वर्षं आखाड्यात, मैदानात घालवलेले दादा लेखी परीक्षेचं नाव ऐकूनच माघार घेतात. त्यांना वर्गात बसवू नका. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांतही आहे. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा घ्या, पण माप तेच ठेवा.

‘सरकारमान्य’ हा शब्द छापायची घाई नको. देशात कौशल्य पात्रतांना मान्यता देणारी परिषद एनसीव्हीईटी आहे, २०१८ साली स्थापन झालेली. तिच्याकडून मान्यता नसेल तर तसं म्हणूच नका. क्रीडा, फिटनेस आणि लेझर, म्हणजे फावल्या वेळातलं मनोरंजन, यांसाठी वेगळी कौशल्य परिषद आहे. तिने ठरवलेल्या कामाच्या भूमिका आधी वाचा, अर्धं काम झालेलं सापडेल.

मुदत आणि प्रमाणपत्र परत घेणं

आमच्या पहिल्या प्रमाणपत्रावर मुदतच नव्हती. सीपीआरचा हात काही महिन्यांतच ढिला पडतो, त्यामुळे जन्मभराचं प्रमाणपत्र धोक्याचं. सीपीआरपीला दर दोन वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी वीस तासांचं पुढचं शिक्षण दाखवावं लागतं. आम्हीही दोन वर्षं ठेवली, पण सीपीआरची उजळणी दर वर्षी.

प्रमाणपत्र परत कधी घ्यायचं, हेही पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. तक्रार आल्यावर नियम करायला बसलात तर माणूस बघून नियम होतात. आमच्याकडे तक्रार तिघे ऐकतात: एक पालक, एक डॉक्टर आणि एक जुना कार्यकर्ता. शिकवणारं कुणी त्यात नाही. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला पंधरा दिवसांत आपली बाजू मांडता येते, आणि मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर तोवर तो शिबिरावर जात नाही.