चांदीच्या जुन्या अमेरिकी नाण्यांवरचा रंग कसा पारखावा

दिवाळी जवळ आली की देव्हाऱ्यातली चांदीची भांडी रांगोळीने घासून लख्ख करायची, ही सवय आपल्या हातात लहानपणापासून भिनलेली असते. जुनी अमेरिकी नाणी जमवायची असतील तर ही सवय आधी बाजूला ठेवा. 1820 च्या आसपासच्या एखाद्या नाण्यावर काठाशी निळा पट्टा, त्याच्या आत तांबूस जांभळा आणि मधोमध मंद सोनेरी असा थर दिसतो. तो चढायला कितीतरी वर्षं लागलेली असतात. घासून उतरवायला एक मिनिट पुरतं आणि उतरलेला रंग परत मिळत नाही. संग्राहक या रंगाला टोनिंग म्हणतात.

पायरी 1: रंग कुठून येतो ते समजून घ्या

हवेतलं, कागदातलं, पुठ्ठ्यातलं गंधक चांदीला लागतं आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ पापुद्रा धरतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात ना, तोच प्रकार इथे घडतो. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि जाडीनुसार रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा. थर आणखी वाढला की पिवळा-गुलाबी-हिरवा असा दुसरा फेरा सुरू होतो. हा क्रम पाठ करा, पुढे खोटा रंग पकडताना तोच कामी येतो.

जुन्या पुठ्ठ्याच्या अल्बममध्ये राहिलेल्या नाण्यांवर हे रंग काठाकडून आत वर्तुळावर्तुळाने उतरतात, कारण पुठ्ठा काठाला चिकटून असतो.

पायरी 2: सुरुवात कॅप्ड बस्ट हाफ डॉलरने करा

फिलाडेल्फियाच्या टाकसाळीने चांदीचे पहिले डॉलर 1794 मध्ये पाडले, अवघे 1,758. त्यातल्या एका नाण्याला 2013 मध्ये लिलावात एक कोटी डॉलरहून जास्त किंमत आली. ती नाणी चित्रांत पाहून आनंद घ्यावा. हातात घ्यायला उत्तम नाणं म्हणजे जॉन राइशने घडवलेला, 1807 ते 1836 दरम्यान पाडलेला हाफ डॉलर. टोपी घातलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक असलेली स्त्री (तिच्या या टोपीतल्या अर्धप्रतिमेलाच 'कॅप्ड बस्ट' म्हणतात), तिच्या डावीकडे सात आणि उजवीकडे सहा तारे, मागे गरुड.

हे नाणं चांगल्या स्थितीत सापडतं त्यालाही कारण आहे. 1804 मध्ये डॉलर पाडणं थांबलं आणि चलनासाठी ते पुन्हा सुरू व्हायला 1836 उजाडलं. मधल्या काळात हाफ डॉलर हेच चांदीचं सर्वांत मोठं अमेरिकी नाणं होतं, म्हणून बँका ते थैल्यांत भरून राखीव ठेवत. बरीच नाणी बाजारात फारशी फिरलीच नाहीत. 1827 सारखं भरपूर पाडलेलं साल थोड्या झिजेसह शे-दोनशे डॉलरमध्ये मिळू शकतं.

पायरी 3: आधी झळाळी पाहा, रंग नंतर

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. खोलीतले दिवे बंद करा, टेबलावर पिवळ्या प्रकाशाचा एकच दिवा ठेवा. ट्यूबलाइटखाली रंग मेलेले दिसतात. नाणं फक्त काठाने धरा, खाली मऊ कापड असू द्या. आता ते हळूहळू कलवा.

माझ्याकडच्या 1827 च्या हाफ डॉलरवर असं करताना उजेडाचा एक पट्टा गाडीच्या चाकासारखा गोल फिरतो. लिबर्टीचा गाल राखाडी, जवळजवळ निस्तेज आहे. बोटांनी तिथली चमक कधीच नेली. पण ताऱ्यांच्या टोकांमधल्या चिंचोळ्या जागेत, जिथे बोट पोचलं नाही, तिथे उजेड जिवंत आहे आणि प्रत्येक ताऱ्याभोवती निळसर सोनेरी कडं उमटलं आहे. रंग असा झळाळीतून वर आलेला दिसला पाहिजे. ठसा जोरात बसताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे ही फिरती झळाळी येते. रसायनात बुचकळून नाणं 'साफ' केलं की दर वेळी त्या रेषांचा थोडा अंश जातो.

वापरातून झिजलेल्या नाण्यावर इंद्रधनुष्य शोधू नका. उंचवट्यांवर फिकट राखाडी आणि खोलगट भागात कोळशासारखा गडद, असा साधा मळकट रंग मला कुठल्याही भडक निळ्याजांभळ्यापेक्षा प्रिय आहे. तो असेल तर नाण्याला कुणी हात लावलेला नसण्याची शक्यता जास्त.

पायरी 4: खोटा रंग ओळखा

उष्णता देऊन किंवा गंधकाची रसायनं लावून एका दिवसात रंग चढवता येतो. असा रंग वर तरंगल्यासारखा दिसतो. सोनेरीवरून तो मधले रंग वगळून एकदम निळ्यावर जातो, नाहीतर सगळ्या नाण्यावर एकसारखा भडक असतो. दहापट भिंगातून पाहा. रंगाखाली केसासारखे बारीक, एकाच दिशेचे ओरखडे असतील तर नाणं आधी घासलेलं आणि मग रंगवलेलं आहे, किंवा घासल्यावर त्याच्यावर पुन्हा रंग धरला आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. 1807 च्या आधीच्या नाण्यांवर काठाजवळ किंवा मधोमध समांतर खरवडलेल्या रेघा पुष्कळदा दिसतात. वजन जास्त भरलं तर कोरी चकती टाकसाळीतच कानशीने घासत, त्या या खुणा. तो दोष असला तरी नंतर कुणी केलेली छेडछाड नव्हे.

पायरी 5: नाणं अस्सल आहे का ते तपासा

1807 ते 1836 च्या हाफ डॉलरचं मूळ वजन 13.48 ग्रॅम, त्यात 89.24 टक्के चांदी, बाकी तांबं. झिजेने वजन थोडं कमी भरतं, जास्त भरलं तर थांबा. काठावर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, 'फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर' ही अक्षरं असलीच पाहिजेत. महाग नाणं मात्र पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीतलंच घ्या. त्या संस्था रंग संशयास्पद वाटला तर तशी नोंद करतात.

पायरी 6: सांभाळून ठेवा

मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांचा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. तसा थर दिसला तर काचेच्या भांड्यात शुद्ध अॅसिटोन घेऊन नाणं बुडवा, पुसू नका. खिडकी उघडी आणि ज्योत लांब ठेवा. रबर बँड जवळही नको, त्यात गंधक असतं. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्या वेळोवेळी बदलत राहा.

अमेरिकेतल्या सेंट लुइसचे संग्राहक एरिक न्यूमन यांची नाणी दशकानुदशकं छोट्या कागदी पाकिटांत होती. 2013 पासून ती लिलावात आली तेव्हा त्यांचे निळे-सोनेरी रंग पाहून जाणकारही थबकले. पाकिटंही लोकांनी जपून ठेवली. तुम्हाला नाण्याबरोबर असं जुनं पाकीट मिळालं तर ते फेकू नका. नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवा आणि पाकीट शेजारी वेगळं.