तंबोऱ्याचा खर्ज मुका झाला तेव्हा

पावसाळ्यानंतर मिरजेचा तंबोरा गवसणीतून काढला, तर खर्ज (सर्वांत खालच्या सुराची तार) नुसता ठणठण वाजायचा, आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नाहीच. जोडीच्या (मधल्या दोन) तारा मात्र घुमत होत्या, म्हणजे जवारी (तारांची घुमदार झणकार) सगळी गेलेली नव्हती. जवारी जुळवायचा तारेखालचा दोरा मागेपुढे करण्यात अर्धा तास घालवला. शेवटी तार सैल करून पाहिली: घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) केसाएवढी खाच, आणि पितळी तारेला नेमका तिथेच बारीक मोड. नवी तार घातली, खाच टाळून किंचित बाजूला बसवली. (घोडी घासायचा मोह आवरला, ते कारागिराचंच काम.) मग सुती दोरा तारेखाली सावकाश सरकवत गेलो. एका जागी तार एकदम गुंजली. तिथून जरा पुढे गेलं की परत मुकी! खुंटी घसरत होती, तिला खडू चोळला. नवी तार दोन दिवस उतरत राहिली, तेवढं सूर बारीक मिळवायच्या मण्याने सावरलं.