हॅम रेडिओचं किट बांधताय? कोकणात तरी या चुका टाळा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या दापोली-मंडणगडच्या पट्ट्याला झोडपून गेलं. लाईट गेली, मोबाइल बंद पडले आणि मुंबईतल्या लेकराशी बोलायला माणसं उंचावरच्या वाड्यांमध्ये रेंज शोधत फिरली. तेव्हापासून हॅम रेडिओबद्दल, म्हणजे मोबाइल टॉवरशिवाय दूरवर बोलता येणाऱ्या हौशी बिनतारी संचांबद्दल, विचारायला मुलं माझ्याकडे येतात. सुट्या भागांचं किट मागवतात, पडवीत बसून उत्साहाने जोडतात आणि ते चालत नाही म्हणून माळ्यावर टाकून देतात. अशी बरीच किटं मी उघडून पाहिली आहेत. बिघाड बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो.

पहिली चूक निवडीतच होते. हातात मावणारा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) सेट स्वस्त म्हणून घेतला जातो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे खाडीपलीकडचं गाव मिळतं, पण सह्याद्री आडवा आला की घाटावरचं काहीच ऐकू येत नाही. ७ मेगाहर्ट्‌झचा ४० मीटर बँड वेगळा वागतो. अँटेना फार उंच नसेल तर लहर जवळपास सरळ वर जाते आणि आयनावरणावर (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर) आपटून आजूबाजूच्या काहीशे किलोमीटरवर उतरते. डोंगर वाटेत येतच नाही. म्हणून पहिलं किट ४० मीटरचं, एकाच बँडचं आणि आवाजाचं, म्हणजे एसएसबी असावं. ‘पिक्सी’सारखी छोटी किटं आकर्षक वाटतात, पण ती फक्त मोर्सची, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांची असतात आणि शक्ती जेमतेम एक वॅट. मोर्स येत नसेल तर निराशाच होते.

आपल्याकडे या वाटेवर सगळ्यांत मोठं काम हैदराबादच्या अशर फरहान यांनी केलं. त्यांच्या ‘बिटएक्स’ या घरी बांधायच्या एसएसबी सेटच्या मूळ आराखड्यात टोरॉइड (तार गुंडाळायच्या चुंबकीय कड्या) मिळत नसतील तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळण्याची सोय होती. बाजारात मिळेल त्यावर सेट उभा राहावा, हा त्यामागचा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो.

किटची ऑर्डर देण्याआधी लायसन्स. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि कॉलसाइन (हवेतली तुमची ओळख) व्हीयू३ने सुरू होतो. ट्रान्समीटर जवळ बाळगायलाही परवाना लागतो, हे अनेकांना माहीत नसतं. तोवर एखादा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर जोडून सोल्डरिंगचा हात बसवा.

आता जोडणी. कपॅसिटरवर १०० लिहिलेलं म्हणजे १० पिकोफॅरड (तिसरा आकडा पुढे किती शून्यं ते सांगतो), १०१ म्हणजे १००. ही अदलाबदल मी फिल्टरमध्ये कितीदा पाहिली आहे. रेझिस्टरचे रंग ट्यूबलाइटखाली फसवतात, म्हणून प्रत्येक नग मल्टिमीटरवर मोजूनच लावा. टोरॉइडवर तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे. बाहेरून मोजाल तर एक कमी-जास्त होतोच. आणि एनॅमल्ड तारेचं टोक ब्लेडने लख्ख खरवडल्याशिवाय सोल्डर करू नका. वरून डाग चकचकीत दिसतो, आत तार सुटीच असते. ‘सगळं बरोबर लावलंय, तरी चालत नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी तेच टोक तपासतो.

हार्डवेअरच्या दुकानातली आम्लाची पेस्ट तर बोर्डाला लावूच नका. आपल्या खाऱ्या हवेत ती पावसाळाभरात तांबं हिरवं करते. रोझिनचा फ्लक्स वापरा, काम झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवा आणि सेट नीट चालायला लागल्यावरच संरक्षक लॅकर मारा. रिले (विजेवर चालणारे स्विच), ट्रिमर (जुळणीसाठी फिरवायचे छोटे भाग) आणि कनेक्टर त्यातून वगळा. पावसात सेट सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा आणि अधूनमधून अर्धा तास चालवायचा.

पहिल्यांदा वीज देताना घाई नको. माझा स्वतःचा पहिला आयआरएफ५१० हा पॉवर ट्रान्झिस्टर उलट्या पोलॅरिटीने (धन-ऋण उलट लागून) गेला, आणि बदली मिळायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्सल यावं लागलं. तेव्हापासून बॅटरीच्या वायरीत २ अँपिअरचा फ्यूज आणि त्यापुढे उलटा डायोड घातल्याशिवाय मी काही जोडत नाही. या ट्रान्झिस्टरचा पत्रा आतून ड्रेन या पायाला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूवर) बसवताना मध्ये अभ्रकाची चकती हवीच. बायसचा (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट ठरवणारा) प्रीसेट शून्यावरून सुरू करा, मायक्रोफोन काढा, अँटेनाच्या जागी डमी लोड (शक्ती जिरवणारा रेझिस्टर) लावा आणि मीटर बघत करंट हळूहळू पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत न्या. १ किलोओहमचे, १ वॅटचे, २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा, २० वॅटचा डमी लोड घरीच तयार होतो.

सेट ऐकतो, पण बोलत नाही? बिटएक्समध्ये फिल्टर, मिक्सर आणि बरेचसे अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही दिशांना तेच वापरले जातात. रिसीव्हर ठणठणीत असेल तर ते सगळं वगळून मायक्रोफोनचा भाग, रिले आणि शेवटचा पॉवर टप्पा एवढंच तपासा. ऐकूही येत नसेल तर व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला बोट लावा. गुरगुर आली म्हणजे ऑडिओ ठीक आहे, दोष त्याच्या आधीच्या टप्प्यांत शोधा. आवाज बदकासारखा येत असेल तर बीएफओचा (एसएसबीचा आवाज उलगडणाऱ्या ऑसिलेटरचा) ट्रिमर फिरवा.

खूप खरखर असेल तर घराचा मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून १२ व्होल्टच्या बॅटरीवर ऐका. खरखर थांबली तर ती इन्व्हर्टरची, एलईडी दिव्यांची किंवा स्वस्त अ‍ॅडॉप्टरची आहे.

डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनाची) प्रत्येक बाजू साधारण १० मीटर. घरगुती वायरिंगची वायर चालते, पण सुरुवातीला वीत-दीड वीत जास्त ठेवून मग एसडब्ल्यूआर (अँटेनाची जुळणी दाखवणारं माप) बघत कापा. दोन माडांमध्ये सात-आठ मीटरवर बांधा, पण टोकं झावळ्यांपासून लांब ठेवा. पावसात भिजलेली झावळी टोकाला लागली की जुळणी बिघडते. सुंभ वापरू नका, तो भिजतो आणि कुजतो. बंदरावर जाळ्याची नायलॉन दोरी मिळते, तिला एका बाजूला कप्पी आणि वजन लावा, म्हणजे माड डोलला तरी तार तुटणार नाही. कोॲक्स केबलच्या जोडावर चिकट रबरी टेप गुंडाळा आणि घरात येण्याआधी केबलला खाली झोळ द्या, नाहीतर खारं पाणी आतल्या जाळीतून थेट सेटपर्यंत येतं. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागायच्या आधीच केबल सेटपासून काढून घराबाहेर टाका.

आणि रात्री पुणं, कोल्हापूर गायब होऊन परक्या देशांची स्टेशनं यायला लागली तर पेचकस हातात घेऊ नका. अंधार पडल्यावर ४० मीटर असाच वागतो. सकाळी नऊला पुन्हा लावा.